जुने पितळी-पंचरसी देव जमवताना: आधी हक्क, मग वजन, घासणं सगळ्यात शेवटी

ओळखीपाळखीतून एखादा फोन नेहमी येतो. "जुना खंडोबा मिळाला, चिंच लावून लख्ख घासलाय. आता किती जुना आहे ते सांगा." घासल्यावर सांगण्यासारखं फारसं उरत नाही. कागदाचं विचारलं तर उत्तर येतं, "कागद कशाचा? बाजारातून आणलाय." सोलापुरात देव जमवणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा पारखेत नसते, क्रमात असते. आधी घेतात, मग घासतात, मग विचारतात आणि शेवटी कागद शोधायला लागतात. खालचा क्रम बरोबर याच्या उलटा आहे.

१. आधी एकच गोष्ट ठरवा

"जुने देव" म्हणजे संग्रह नव्हे, तो पसारा. सुरुवातीला एकच प्रकार धरा. मी नेहमी अन्नपूर्णा सुचवतो. मराठी घरांत लेकीला लग्नात माहेरहून अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण देतात, त्यामुळे या दोन मूर्ती सगळ्यात जास्त दिसतात. वीस-तीस पाहिल्या की हातालाच फरक कळायला लागतो: पळी कशी धरली आहे, बैठक गोल की चौकोनी, बाळकृष्णाच्या हातातला लोण्याचा गोळा किती झिजला आहे.

पुढे खंडोबा घ्या. घोड्यावरचा असेल तर सोबत म्हाळसा, खाली कुत्रा. बसलेला असेल तर चार हातांत खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि पानपात्र. आपल्याकडे मराठी, कन्नड आणि तेलुगू घरं एकाच गल्लीत नांदतात, म्हणून वीरभद्राचे उठावाचे पत्रे आणि श्रीदेवी-भूदेवीसह बालाजीही दिसतात. वीरभद्राच्या पायाशी बोकडाच्या तोंडाचा दक्ष आहे का, ते बघायला शिका.

शब्दही नीट वापरा. दुकानदार सरसकट "पंचरसी" (पाच धातूंचं मिश्रण) म्हणतो, पण आपल्या भागातले घरगुती देव बहुतांश पितळेचे, म्हणजे तांबं आणि जस्ताचे असतात. कांस्य म्हणजे तांबं आणि कथील. टाक ही तिसरीच गोष्ट. तो पत्र्यावर ठोकून उठवलेला असतो, ओतीव नसतो. टाकाला ओतीव मूर्तीच्या कसोट्या लावू नका.

२. पिशवीत काय हवं

दहापट दाखवणारं भिंग, छोटं लोहचुंबक, ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा, मोजपट्टी, बॅटरी, कापूस, नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनची लहान बाटली, सुती हातमोजे आणि वही. मोबाइल असतोच. पाचशे रुपयांचं भिंग नसल्यामुळे पाच हजारांची चूक झालेली मी पाहिली आहे. ती माझीच होती.

३. कुठे शोधायचं आणि कुठे नाही

सगळ्यात चांगली जागा म्हणजे नात्यातलं घर, जिथे देव्हारा लहान झालाय आणि देव डब्यात गेलेत. दुसरी जागा भांड्यांची दुकानं. जुनी भांडी मोडीत देताना लोक कळशी-घंगाळाबरोबर देवही देऊन टाकतात. मधल्या मारुतीकडच्या बाजारात किंवा पंढरपूर-बार्शीच्या भांडेवाल्यांकडे "मोडीत आलेलं काही बाजूला काढलंय का?" एवढंच विचारा. "अँटिक आहे का?" असं विचारलंत की भाव तिप्पट होतो आणि नव्या मूर्तीसुद्धा जुन्या होतात.

अलीगढ आणि मुरादाबादहून पितळी मूर्तींचा नवा माल देशभर जातो. त्यातलाच काही रसायनात बुडवून "जुना" होऊन परत येतो. तमिळनाडूत कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला स्थपती आजही मेणाच्या साच्याने उत्तम मूर्ती घडवतात. त्या नव्या म्हणून घेतल्या तर उत्तमच. चोळकालीन म्हणून घेतल्या तर फसलात.

थांबा: व्हॉट्सॲपवर "साउथची मूर्ती, देवळातली, ओरिजिनल" असा फोटो आला तर तो पुढे पाठवू नका, भावही विचारू नका. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या देवळातून चोरीला गेलेला नटराज बनावट कागदांवर कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे देवळांतल्या मूर्तींचे जुने फोटो होते, त्यांच्याशी अशा मूर्ती ताडून पाहता आल्या. २०१४ मध्ये तो नटराज भारतात परत आला. एवढ्या मोठ्या संस्थेला कागद तपासता आले नाहीत, तिथे आपण कोण.

४. हा देव विकायचा हक्क कोणाचा?

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि पुढची डोकेदुखी इथूनच सुरू होते.

घरातले देव एकट्याचे नसतात. वडिलांच्या पश्चात ते बहुधा थोरल्याकडे जातात. धाकटा पुण्याला असतो, बहीण लातूरला. थोरल्याने घर रिकामं करताना देव दिले, तुम्ही घेतले. पुढच्या खंडोबाच्या नवरात्रात धाकटा येतो, देव दिसत नाहीत, आणि भाऊबंदकीचं भांडण तुमच्या दारात येतं. माझ्या बाबतीत एक म्हाळसा अशीच परत गेली. पैसे मिळाले, पण दोन घरांचे संबंध तुटले आणि मी मधे उगाच वाईट झालो.

म्हणून हे विचारा, याच क्रमाने:

मूर्ती आज पूजेत आहे का? असेल तर विषय तिथेच सोडा, चहा प्या आणि निघा. पूजेतला देव कोणी अडचणीत विकतो तेव्हा सहा महिन्यांनी त्याचं मन बदलतं.

पूजेतून काढताना उत्तरपूजा केली का? हा प्रश्न श्रद्धेचा वाटेल, पण व्यवहाराचाही आहे. ज्या घराने रीतसर निरोप दिलाय ते घर देव परत मागत नाही.

भावा-बहिणींना माहीत आहे का? फोन लावायला सांगा, समोरच. शक्य असेल तर एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या. दूर असलेल्याचा मोबाइलवरचा संमतीचा निरोपही जपून ठेवा.

मूर्ती घरात कशी आली? लग्नात आली, आजीच्या माहेरची, अमुक यात्रेत घेतली, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. "आमच्या आजीच्या आईची" हे अचूक नसेल, पण कोरं पान त्याहून वाईट.

तपासा: उत्तर "शेतात नांगरताना सापडली" किंवा "विहीर उपसताना निघाली" असं आलं तर हात मागे घ्या. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली की सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. त्या माणसाला हे सांगा आणि पाठवून द्या. अशी मूर्ती "फक्त ठेवायला" म्हणूनही घेऊ नका. देवळातून आलेली असेल तर चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तुमच्यावर येऊ शकतो.

५. हातात घेतल्यावर कुठे बघायचं

पुढून बघू नका. चेहरा बघितला की माणूस भुलतो. मूर्ती आधी उलटी करा.

*बैठकीचा तळ.* वर्षानुवर्षं ताम्हणात आणि देव्हाऱ्यात ठेवलेल्या मूर्तीच्या तळाच्या कडा गोलसर आणि गुळगुळीत होतात, मधला खोलगट भाग मात्र ओबडधोबड राहतो. तळ ग्राइंडरने घासलेला असेल तर एकसारख्या समांतर रेघा भिंगातून लगेच दिसतात. हाताच्या कानशीच्या रेघा आडव्यातिडव्या, कमी-जास्त खोलीच्या असतात. स्क्रूचे आटे दिसले तर मूर्ती कुठल्या तरी स्टँडवरची, नाहीतर सुट्या भागांची.

*पाठ.* घरगुती मूर्तीची पाठ सहसा कमी कोरलेली आणि कमी झिजलेली असते. पुढची-मागची झीज सारखीच असेल तर यंत्राच्या चाकावर पॉलिश झालेलं असण्याची शक्यता जास्त.

*झीज कुठे आहे.* रोजच्या अंघोळीने आणि पुसण्याने उंचवटे झिजतात: नाक, गुडघे, मुकुटाचं टोक, लोण्याचा गोळा. खाचा तशाच टोकदार राहतात. खोट्या झिजेत उंचवटे आणि खाचा सगळंच बोथट होतं, मूर्ती साबणाच्या वडीसारखी दिसते. एवढी एक खूण पक्की झाली तरी निम्मी फसवणूक टळते.

*खाचांतला थर.* कुंकू, हळद, अष्टगंध, तेल-तूप यांचा जुना थर लाखेसारखा कडक आणि काळपट असतो. भिंगातून पदर दिसतात. वरून भुरभुरलेलं लालभडक कुंकू हा थर नव्हे, ते सजावट.

*हिरवेपणा.* इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. "हिरवी आहे म्हणजे जुनी" हे डोक्यातून काढा. रोज अंघोळ घातलेला घरचा देव हिरवा होतच नाही. तो पिवळसर-तपकिरी, थोडा काळवंडलेला असतो. अख्खी हिरवी मूर्ती समोर आली तर तीन शक्यता: ओल्या जागी वर्षानुवर्षं पडून होती, जमिनीतून आली, किंवा रसायनात बुडवली. पहिलीला घरची हकीकत हवी. दुसरीत कायदा आडवा येतो, तिसरीत तुमचे पैसे. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नजरेआडच्या कोपऱ्यात हलका फिरवा. रंग किंवा लाखेचा मुलामा असेल तर कापसावर उतरतो. कापूस स्वच्छ राहिला म्हणजे मूर्ती जुनी ठरली असं नाही. एक फसवणूक तपासून झाली, एवढंच.

*सांधे.* मेणाच्या साच्याने ओतलेल्या मूर्तीवर दोन अर्ध्या भागांची उभी शिवण नसते. कानामागे किंवा हाताखाली सरळ रेघ दिसली तर साचा दोन तुकड्यांचा. प्रभावळ वेगळी ओतून डाख दिलेली असू शकते, ते जुन्यातही चालतं. डाखाचा रंग वेगळा आणि चकाकता असेल तर दुरुस्ती अलीकडची, भाव त्या मानाने खाली आणा.

*नाव.* बैठकीवर ठोकून घातलेलं नाव भांड्यांवरही असतं. ते मालकाचं नाव, मूर्तीचं वय नव्हे. नाव मोडी लिपीत असलं तरी नातवाने घातलेलं असू शकतं.

*लोहचुंबक.* पितळ, कांस्य, तांबं यांपैकी काहीच चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे किंवा वर नुसता मुलामा.

आणि एक सोपी युक्ती. त्याच दुकानदाराला विचारा, "अशीच अजून एक आहे का? बहिणीला हवी होती." त्याने कपाटातून हुबेहूब दुसरी काढली तर नमस्कार करून बाहेर पडा.

६. वजन आणि पाणी

भरीव मूर्तीसाठी ही परीक्षा घरच्या काट्यावर पाच मिनिटांत होते. मूर्तीचं कोरडं वजन लिहा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. मूर्तीला दोरा बांधून ती पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला लागू देऊ नका, दोरा हातात धरून ठेवा. काटा जे ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर मूर्तीचं आकारमान. वजनाला त्याने भागा.

उदाहरण: कोरडं वजन १२४० ग्रॅम, पाण्यातला आकडा १४८. भागाकार साधारण ८.४. पितळ ८.४ ते ८.७ च्या आसपास येतं, कांस्य ८.७-८.८ च्या आसपास, शुद्ध तांबं ८.९६. पितळ आणि कांस्य यांच्यात या परीक्षेवर फार विसंबू नका, आकडे जवळजवळ आहेत. पण ६.७ आला तर स्वस्त जस्ताची ओतणी, २.७ आला तर ॲल्युमिनियमवर रंग. मूर्ती भरीव म्हणून दिली आणि आकडा पाच आला तर आत पोकळी आहे.

थांबा: आत मातीचा गाभा असलेली, जुना रंग शिल्लक असलेली किंवा फिकट हिरवी भुकटी सुटणारी मूर्ती पाण्यात घालू नका. मातीचा गाभा असेल तर तो जपा. धातूचं वय थेट मोजता येत नाही, पण ओतताना भाजलेल्या त्या मातीचं वय थर्मोल्युमिनेसन्सने (माती तापवून तिच्यातून निघणारा उजेड मोजण्याच्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने) काढता येतं. खडखडणारी माती "साफ" करून काढून टाकणारे भेटतात तेव्हा काय बोलावं कळत नाही.

सराफांकडे सोन्याचा कस तपासायचं एक्सआरएफ यंत्र असतं. त्यात मूर्ती ठेवली तर तांबं-जस्ताचं साधारण प्रमाण कळू शकतं, पण ते यंत्र सोन्यासाठी लावलेलं असतं आणि वरच्याच थराचं बोलतं. त्यावरून वय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

७. भाव आणि पावती

खालची मर्यादा मोडीचा भाव, वरची मर्यादा तुमची हौस. घरगुती देवांना ठरलेला बाजारभाव नाही, म्हणून "नेटवर अमुक लाखाला आहे" हे वाक्य विकणाऱ्याने उच्चारलं की उठा. नेटवर मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे.

घरातून घेताना मी "किती?" असं विचारत नाही, "देवापुढे काय ठेवू?" असं विचारतो. माणसं मोकळी होतात आणि बऱ्याचदा वाजवी सांगतात. त्यांना मोडीचा भाव माहीत नसेल तर तो आधी आपणच सांगावा. अज्ञानाचा फायदा घेऊन आणलेला देव कपाटात डोळ्यांत खुपतो.

पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या. पावतीवर विकणाऱ्याचं नाव-पत्ता, तारीख, मूर्तीचं वर्णन, उंची, वजन, रक्कम आणि "ही वस्तू माझ्या मालकीची असून कोणत्याही देवस्थानाची नाही" हे वाक्य असू द्या. सोबत मूर्तीचा फोटो आणि त्यावर विकणाऱ्याची सही. पुराणवस्तूंचा धंदा करणाऱ्याला सरकारी परवाना लागतो. दुकानातून शंभरी ओलांडलेली मूर्ती घेत असाल तर परवाना क्रमांक पावतीवर मागा. चेहरा बघून बाकीचं कळेल.

८. नोंदणी

१९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती त्यात येते, आणि धातूची शिल्पं नोंदणीच्या वर्गात आहेत. मूर्ती ताब्यात आल्यापासून पंधरा दिवसांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोंसह अर्ज करायचा असतो. नोंदणी टाळली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नोंदलेली मूर्ती पुढे दुसऱ्याला दिली तर तेही कळवावं लागतं.

मूर्ती ठेवायला बंदी नाही, विकत घ्यायलाही नाही. बंदी आहे ती खासगी माणसाने परदेशी नेण्यावर. लेक अमेरिकेत आहे आणि आजीची अन्नपूर्णा तिला द्यायची आहे? शंभरी ओलांडलेली असेल तर नेता येणार नाही, घरचीच असली तरी. नवी असेल पण जुनी दिसत असेल तर "पुरावशेष नाही" असा दाखला आधी पुरातत्त्व खात्याकडून घ्या. विमानतळावर कस्टमशी वाद घालून उपयोग नसतो.

वयाचा संशय असेल तर नोंदणीच्या बाजूने चूक करा.

९. घरी आणल्यावर पंधरा दिवस वेगळी

बाकीच्या मूर्तींत लगेच ठेवू नका. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात पांढऱ्या सुती कापडावर ठेवा. फिकट हिरवी, खडूसारखी भुकटी कापडावर पडते का ते रोज बघा. गडद, घट्ट हिरवा थर निरुपद्रवी असतो. फिकट भुकटी मात्र धातूतल्या क्लोराइडमुळे येते. हवेत दमटपणा असला की ते क्लोराइड तांबं खात राहतं, आणि भुकटी पुसली तरी त्याच ठिपक्यावर परत येते. अशी मूर्ती सिलिका जेल घालून डबाबंद करा आणि संवर्धन करणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडे न्या. घरगुती उपाय नाही.

उन्हाळ्यात सोलापूरची हवा इतकी कोरडी असते की रोग झोपलेला राहतो. एप्रिलमध्ये घेतलेली मूर्ती निरोगी वाटते आणि ऑगस्टमध्ये भुकटी टाकते. पावसाळ्यात पुन्हा तपासाच.

१०. साफ करणं, म्हणजे बहुतेक न करणं

आधी फोटो, मग मऊ कोरडा ब्रश. खाचांतल्या धुळीसाठी जळून गेलेल्या उदबत्तीची बांबूची काडी उत्तम, धातूवर ओरखडा येत नाही. पिन किंवा सुई नको. चिकट तेलकटपणा असेल तर डिस्टिल्ड पाण्यात ओला करून पिळलेला कापूस, आणि लगेच कोरडं पुसणं. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार खाचांत बसतात.

चिंच, लिंबू, ताक, राख, भांड्यांची पावडर यांतलं काही नको. चिंचेचं आम्ल वरचा थर खरवडतं, आणि तिच्यात मीठ घातलं असेल तर त्यातलं क्लोराइड बारीक छिद्रांत शिरून वर सांगितलेला रोग आपणच लावतो. माझ्या पहिल्या खंडोबाचे डोळे मी चिंचेने घालवले. तो आजही माझ्याकडे आहे, कोऱ्या चेहऱ्याचा.

मूर्ती पूजेत ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, देव त्यासाठीच घडवलाय. मग ती संग्रहातून वजा करा आणि झीज मान्य करा. आठवड्यातून एकदा पंचामृत आणि बाकीचे दिवस काचेच्या कपाटात, असं दोन दगडांवर पाय ठेवणं मूर्तीला सगळ्यात वाईट.

११. ठेवणं आणि वही

स्टीलचं कपाट चांगलं. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) आणि नवं प्लायवुड वाफा सोडतात, त्या धातूला लागतात. खाली लोकर, रबर, वर्तमानपत्र नको. धुतलेलं सुती कापड हवं. बाजारात मिळणारं आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आत ठेवा. आकडा ४० च्या वर जाऊ लागला की सिलिका जेल बदला. मूर्ती हाताने किंवा प्रभावळीने उचलू नका, बैठकीखाली हात घाला.

वहीत प्रत्येक मूर्तीला एक पान: क्रमांक, देवता, उंची, वजन, पाण्यातला आकडा, कोणाकडून, कधी, किती, सांगितलेली हकीकत, नोंदणी क्रमांक. फोटो पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, आणि तळाचा एक हवाच. चोरी झाली तर तळावरच्या खुणांनीच मूर्ती ओळखता येते. क्रमांक मूर्तीवर कोरू नका, सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. वहीची एक झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवा, कपाट आणि वही एकाच खोलीत नको.